काट्यावरचा एसएसडी : ऐन हंगामात फर्मवेअर बदलायचं का?

धरणगावहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमधलं हे प्रकरण. डिसेंबरचा दुसरा आठवडा, कापसाची आवक जोरात. मंगळवारी दुपारी काट्यावरच्या मुलाचा फोन आला : "भाऊ, हाई पुन्हा अडकनं. गाड्या उभ्या शेतस."

अडकलं होतं काट्याचं कॉम्प्युटर. भुईकाट्याचा लाल आकड्यांचा इंडिकेटर सिरियल केबलने त्याला जोडलेला आहे. भरलेली गाडी पाटावर उभी राहिली, आकडा स्थिर झाला की मुलगा बटण दाबतो आणि वजन नोंदलं जातं. माल खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन घ्यायचं आणि फरकाची पावती काढायची. यातलं कुठलंही बटण दाबल्यावर कधीकधी पडदा अर्धा मिनिट गोठायचा. माउस हलायचा, बाकी सगळं ठप्प. मग आपोआप सुरू. दिवसातून पाच-सहा वेळा.

अर्धा मिनिट म्हणजे काय मोठंसं, असं माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला दुकानात बसून म्हणता येतं. काट्यावर तसं नसतं. वजन यायला उशीर झाला की शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून खिडकीशी येतो. त्याचं वर्षभराचं पीक त्या लोखंडी पाटावर उभं असतं. "काट्यात काही केलं का?" हे तो तोंडाने विचारत नाही, पण नजर तेच विचारते. शेठना धास्ती होती ती याची.

मी पोचेपर्यंत निदान होऊन गेलं होतं. शेठचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने तिकडूनच कॉम्प्युटर पाहिलं, एसएसडीच्या, म्हणजे आतल्या डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि त्यात ‘फर्मवेअर अपडेट उपलब्ध’ अशी पिवळी पट्टी दिसली. फर्मवेअर जुनं, म्हणून अडकतं; आज रात्रीच अपडेट मारा, असा त्याचा निरोप. दिवाणजी अगदी उलट बाजूला. "हंगामात चालू यंत्राला पाना लावायचा नाही," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेल्या माणसाच्या अशा वाक्याला वजन असतं. या दोघांत निवाडा करायला मला बोलावलं होतं.

आधी दिवाणजींना सांगितलं ते

फर्मवेअर म्हणजे नक्की काय, हे दिवाणजींनी विचारलं. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं.

एसएसडीत फिरणारं काही नसतं. फ्लॅशच्या चिप असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक छोटा प्रोसेसर असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर परत लिहिता येत नाही. आधी आख्खा भाग पुसावा लागतो. म्हणून कंट्रोलर प्रत्येक नवी नोंद नव्या कोऱ्या जागी लिहितो आणि कुठली गोष्ट आता कुठे आहे याची खतावणी ठेवतो. दर नोंदीला आख्खी खतावणी नव्याने लिहिली तर काम पुढे सरकणारच नाही, म्हणून ताजे बदल तो आधी रोजमेळासारखे बाजूला ठेवतो, थोडे स्मरणात ठेवतो आणि सवडीने खतावणीत चढवतो. ही सगळी दिवाणजीगिरी करणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर.

आता खतावणी चढवता चढवता दिवा गेला तर? दिवाणजी हसले. "मग रोजमेळावरून परत लिहायची." बरोबर. चांगलं फर्मवेअर वीज आल्यावर तेच करतं. ज्याच्यात चूक राहिलेली असते ते कधीतरी एखाद्या विचित्र क्षणी गोंधळतं. महागड्या सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये हातातली नोंद पुरी करण्याइतकी वीज साठवणारे कपॅसिटर बसवलेले असतात. आपल्या बाजारातल्या बहुतेक साध्या एसएसडीत ते नसतात.

आकडे

ड्राइव्ह साधा होता. अडीच इंची, साटा जोडणीचा, २५६ जीबी, चार हंगाम चाललेला. ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. तब्येत ९१ टक्के, चालू तास १४,३१०. भाच्याने हेच पाहिलं होतं आणि ‘ड्राइव्ह ठीक, म्हणजे फर्मवेअरच’ असा हिशेब मांडला होता. त्याचा दोष नाही. खालच्या तक्त्यातले कच्चे आकडे हे सॉफ्टवेअर मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, दाखवतं, आणि शून्यांच्या त्या लांबलचक रांगा वाचायचा कंटाळा मलाही येतो. मेनूत जाऊन ते दशमानात करून घेता येतात. पाच सेकंदांचं काम आहे, पण निम्मे लोक ते करत नाहीत.

दशमानात केल्यावर दोन ओळी डोळ्यात भरल्या.

पहिली ‘सी७’, म्हणजे १९९ क्रमांकाची सीआरसी त्रुटींची ओळ. तिथे आधी हेक्समध्ये २डी६ होतं, म्हणजे ७२६. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये केबलवरून जाताना माहितीचा तुकडा बिघडला आणि तो परत पाठवावा लागला, असं किती वेळा घडलं याची ही मोजणी. ती कधी शून्यावर येत नाही, म्हणून नुसत्या ७२६ वरून काही ठरत नाही. चार वर्षांपूर्वी कोणी बसवताना केबल अर्धवट लावली असेल तर ते सगळे तेव्हाचेही असू शकतात. वाढतंय का, एवढंच बघायचं. मी चहा घेत तासभर तिथेच बसलो. एकदा पडदा गोठला, सुटला, आणि ७२६ चे ७५३ झाले.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच मिनिटाला १२९ क्रमांकाची नोंद होती : ड्राइव्हने उत्तर दिलं नाही, म्हणून जोडणी रीसेट केली. ड्राइव्ह आतल्या आत गोंधळून गोठला असता तरी १२९ आलाच असता. पण सी७ वाढला नसता. दोन्ही एकदम हलले म्हणजे दोष वाटेत होता, ड्राइव्हच्या डोक्यात नव्हता. माझ्या लेखी फर्मवेअरवरचा हा आरोप तिथेच गळून पडला.

डबा उघडला. आत रुई. जिनिंगमधल्या कुठल्याही डब्यात असते तशीच, पंख्याच्या पात्यांवर पांढरी दाढी वाढल्यासारखी. लाल साटा केबल जुन्या पद्धतीची, लोखंडी खटका नसलेली, आणि झाकण बसावं म्हणून काटकोनात दुमडलेली. बोटाने हलवली तर ड्राइव्हच्या टोकाला ती चक्क डुलत होती. भरलेला ट्रक काट्यावर चढला की खोलीची फरशी हलते, हे मी त्या तासाभरात पायाला अनुभवलं होतं. खटक्याची नवी केबल बसवली, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टात लावली, रुई काढली.

शेठ म्हणाले, "आता उघडलंच आहे तर ते अपडेटपण करून टाक ना."

नाही म्हणालो. आज दोन्ही केलं आणि उद्या गोठणं थांबलं, तर कशाने थांबलं हे कधीच कळणार नाही. आणि वाढलं, तर त्याहून वाईट. एका वेळी एकच बदल. शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं. काट्यावरच्या मुलाला रोज संध्याकाळी सी७ चा आकडा वहीत लिहायला सांगितलं. बुधवार ७५३, गुरुवार ७५३, शुक्रवार ७५३. एकदाही गोठलं नाही.

मग दुसरी ओळ

इथे प्रकरण संपायला हवं होतं, आणि दिवाणजींच्या मते संपलंच होतं. मला मात्र मंगळवारी पाहिलेली दुसरी ओळ सोडत नव्हती : अचानक वीज जाण्याची मोजणी, हेक्समध्ये १९सी, म्हणजे ४१२.

विंडोज नीट बंद होताना ड्राइव्हला आधी सांगतं की आता वीज जाणार, आवराआवर कर. न सांगता वीज गेली की ही मोजणी एकने वाढते. चार हंगामांत ४१२ वेळा. टेबलाखाली यूपीएस होता, हिरवा दिवाही लागलेला. भिंतीतली पिन काढून पाहिली, सगळं तत्क्षणी काळं. आतली बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची बॅटरी फुगून बसली होती. म्हणजे भारनियमन असो, फीडरवरचा बिघाड असो की वीज गेल्यावर जनरेटरवर जाण्यातला खंड असो, प्रत्येक झटका थेट ड्राइव्हपर्यंत जात होता. (यूपीएसचा हिरवा दिवा म्हणजे बॅटरी चांगली, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की मी आता कुठल्याही गिऱ्हाइकाकडे गेलो की आधी पिन काढतो. काम सेव्ह करायला सांगून, अर्थात.)

मग कंपनीच्या संकेतस्थळावरची फर्मवेअरची टिपणं वाचली. आपल्या ड्राइव्हवरच्या आवृत्तीनंतर दोन आल्या होत्या. पहिलीबद्दल ‘स्थैर्यात सुधारणा’ एवढंच. असल्या वाक्यासाठी मी कधी कुठला ड्राइव्ह अपडेट केलेला नाही, पुढेही करणार नाही. दुसरीत मात्र स्पष्ट लिहिलं होतं : अचानक वीज गेल्यानंतर क्वचित प्रसंगी ड्राइव्ह ओळखला न जाण्याची शक्यता दूर केली.

४१२ वेळा वीज गेलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्वचित प्रसंगी’ हे शब्द वेगळे वाचावे लागतात.

भाच्याचं उत्तर बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. गोठण्याचा फर्मवेअरशी काही संबंध नव्हता. पण या ड्राइव्हला, या जागी, त्या अपडेटची गरज होती.

जुने दाखले

शनिवारी शेठ, दिवाणजी आणि फोनवर भाचा अशी बैठक झाली. दिवाणजींचा प्रश्न रास्त होता : चार वर्षं काही झालं नाही, आता का होईल? आणि अपडेटनेच बिघडलं तर?

दोन्ही बाजूंना दाखले आहेत, आणि ते खुद्द कंपन्यांनी जाहीरपणे मान्य केलेले आहेत.

इंटेलच्या ३२० मालिकेचं २०११ मधलं प्रकरण आपल्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचं. अचानक वीज गेली की काही ड्राइव्ह परत सुरू होताना स्वतःची क्षमता फक्त ८ एमबी सांगायचे. आतला सगळा डेटा गेल्यात जमा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने फर्मवेअर काढून ते दुरुस्त केलं. क्रुशलच्या एम४ ड्राइव्हची तऱ्हा निराळी : चालू राहून ५,१८४ तास झाले की तो प्रतिसाद देणं थांबवायचा, बंद-चालू केला की तासभर चालायचा, परत थांबायचा. जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती आली. आणि एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सर्व्हर ड्राइव्हबद्दल कळवलं की ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास पुरे होताच ते कायमचे बंद पडतील, ड्राइव्ह आणि डेटा दोन्ही परत मिळणार नाहीत. सोळा बिटांच्या चिन्हासहित मोजणीत ३२,७६७ हा शेवटचा आकडा असतो, त्यापुढे ती उलटून ऋण आकड्यांत जाते. पुढचं ज्याने त्याने समजावं.

दिवाणजींच्या ‘इतके दिवस काही झालं नाही’ला याहून नेमकं उत्तर नाही. त्या ड्राइव्हनाही आदल्या तासापर्यंत काही झालं नव्हतं.

पण त्यांच्या बाजूचाही दाखला मीच दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये इंटेलने एक्स२५-एम ड्राइव्हसाठी ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा ड्राइव्हला कळवण्याची, सोय देणारं फर्मवेअर काढलं, आणि ते टाकल्यावर काही लोकांचे चांगले चालते ड्राइव्ह बंद पडले. इंटेलला ते लगेच मागे घ्यावं लागलं, सुधारून परत द्यावं लागलं. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओचं उदाहरणही बोलकं आहे : जुना डेटा वाचताना ड्राइव्ह मंद व्हायचा, २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर उपाय आला, काही महिन्यांत तक्रार परत डोकावली, २०१५ मध्ये दुसरं फर्मवेअर काढावं लागलं. म्हणून आलं त्या दिवशी टाकणाऱ्यांतला मी नाही. आपल्या ड्राइव्हचं हे फर्मवेअर येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि मागे घेतलेलं नव्हतं, हे माझ्या निर्णयातलं मोठं कारण.

भाचा म्हणाला, मग हंगाम संपल्यावर मार्चमध्ये करू. नवी यूपीएस बॅटरी टाकलीच आहे. हाही रस्ता चुकीचा नव्हता. मी थोडा डळमळलोही. पण मार्चपर्यंत ती बॅटरी रुईत, धुळीत, चोवीस तास चालणार. आणि धोका होता तो नेमका याच तीन महिन्यांतला. अपडेटचा धोका मला कमी करता येत होता. न जागणाऱ्या ड्राइव्हचा येत नव्हता, कारण असा ड्राइव्ह एकदा झोपला की त्याला फर्मवेअर पाजायलाही तोंड उघडत नाही. ठरलं : आधी क्लोन, म्हणजे ड्राइव्हची हुबेहूब नक्कल, तो चालतो हे बघायचं, आणि मगच अपडेट.

क्लोनने शिकवलेलं

शनिवारी रात्री वेगळ्या कंपनीच्या नव्या एसएसडीवर हुबेहूब क्लोन केला. रविवारी सकाळी तो ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केलं. विंडोज आलं, सगळं जागच्या जागी. काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर चौकट : परवाना अवैध.

त्या सॉफ्टवेअरचं कुलूप ड्राइव्हच्या सिरियल नंबरला बांधलेलं. क्लोनमध्ये डेटा जसाच्या तसा जातो, पण ड्राइव्हचा जन्मजात नंबर नाही जात. म्हणजे इतके दिवस शेठ ज्याला बॅकअप म्हणत होते, तो पेन ड्राइव्हवरचा डेटाबेस, आणीबाणीच्या रात्री कामाला आलाच नसता. डेटा असता, तो उघडणारं सॉफ्टवेअर नसतं. रविवार असल्यामुळे बनवणाऱ्याचा फोन लागेना. जुना ड्राइव्ह परत लावून काटा सुरू केला. सोमवारी दुपारी दुसऱ्या ड्राइव्हसाठी किल्ली मिळाली, चार गाड्या क्लोनवरून तोलून पाहिल्या, पावत्या निघाल्या. त्या रात्री अपडेट करायला मी तयार झालो ते या पावत्यांमुळे.

या गडबडीत माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने ‘याच मॉडेलची’ फर्मवेअर फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. ती मी उघडलीही नाही. स्वस्त एसएसडीत बाहेरचं नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर आणि चिप बदलण्याची चाल जुनी आहे. शेठच्या टॅली चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये त्याच नावाचा ड्राइव्ह होता. कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्यासाठी अपडेट दाखवलंच नाही, कारण आतून तो वेगळाच होता. त्याला हात लावला नाही.

सोमवारची रात्र

अकरा वाजता प्रेस थांबली, शेवटची ट्रॉली रिकामी होऊन गेली. क्लोन चालू-तयार अवस्थेत टेबलावर. पावतीपुस्तक आणि कार्बन खणात, कारण सगळंच फसलं तरी इंडिकेटर कॉम्प्युटरशिवाय वजन दाखवतोच. नवी बॅटरी पूर्ण चार्ज झालेली, पिन काढून तपासलेली. मूळ ड्राइव्ह मदरबोर्डच्या साटा पोर्टावरच ठेवला. यूएसबीच्या डबीतून लावलेल्या ड्राइव्हवर अशी अपडेट बहुधा चालतच नाही. बायॉसमध्ये साटा जोडणी एएचसीआय पद्धतीवर आहे हे पाहून घेतलं. बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. अँटिव्हायरसचं स्कॅन मधेच सुरू होऊ नये म्हणून तेही थांबवलं.

बटण दाबलं. पट्टी एका मिनिटाच्या आत शंभरवर. सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ लिहिलं आणि रीस्टार्ट मागितला. रीस्टार्ट दिला. परत उघडून पाहिलं तर आवृत्ती जुनीच.

शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मलाही एक क्षण घाम फुटला, मग आठवलं. बरेच ड्राइव्ह नवं फर्मवेअर लिहून ठेवतात, पण ते अमलात आणतात वीज पूर्ण तुटून परत आल्यावर. रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज जातेच असं नाही. विंडोज बंद केलं, पाठीमागचं बटण खाली केलं, केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो, चालू केलं. नवी आवृत्ती. सी७ ७५३ वरच. चालू तास, डेटा, सगळं जिथल्या तिथे. जिनिंगच्या चौकीदाराचा ट्रॅक्टर तीनदा काट्यावर चढवून-उतरवून पाहिला.

क्लोनचा ड्राइव्ह दिवाणजींच्या तिजोरीत गेला. त्यावर एक चिठ्ठी चिकटवली : अक्षय्यतृतीयेला लावून अर्धा तास चालू ठेवणे, डेटा नवा करणे. उन्हाळ्यात जिनिंग बंद असते आणि पत्र्याखालच्या त्या ऑफिसात आपल्या जळगाव जिल्ह्याचं ऊन साठतं. फ्लॅशमधला डेटा बिनविजेचा किती दिवस टिकतो हे तापमानावर ठरतं. उद्योगाच्या जेडेक मानकात घरगुती ड्राइव्हसाठी अपेक्षा आहे एक वर्षाची, तीही ३० अंशांवर, ड्राइव्ह वापरून संपत आल्यावर. नव्या ड्राइव्हला इतकी भीती नाही. पण खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुमाराला दिवसा पारा ३० अंशांच्या बराच वर असतो. दिवाणजी लक्षात ठेवतील म्हणून तारीख न लिहिता सण लिहिला.

मुलगा अजून दर सोमवारी सी७ आणि वीज जाण्याची मोजणी वहीत लिहितो. जानेवारीअखेर ७५३ आणि ४१३; तो एक मी पिन काढली तेव्हाचा.

बिलात मी चार ओळी लिहिल्या होत्या : केबल, बॅटरी, क्लोनसाठी ड्राइव्ह आणि फर्मवेअर अपडेटची मजुरी. शेठनी पहिल्या तीन ओळींचे पैसे मोजून दिले, चौथीवर पेन फिरवला. "ते तर कंपनीने फुकट दिलं ना?"

शेवभाजी मात्र त्यांनी खाऊ घातली.